कोंडाबाईच्या कोंबड्या

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो — कुंपण दोघांचं, कुंपणाला पडलेलं भोकही दोघांचं. मग पंख एकाचेच का कापायचे?

हसू नका! माळकरी बुवा कोंबड्यांचं आख्यान लावतोय म्हणून हसताय ना? हसा. पुढं हसू येणार नाही.

एका गावी सप्त्याला गेलो होतो. उतरलो होतो आनंदराव खराड्यांकडे. काय तो पाहुणचार! पुरणपोळी, वर तुपाची धार — आणि आग्रह! शेजारी कोंडाबाई. एकटी बाई, चार कोंबड्या. त्या अंड्यांवर तिची चूल पेटायची. कोंबड्या उडून कुंपणापलीकडं जायच्या आणि खराड्यांची मेथी टोचायच्या. रोजची कटकट!

शेवटी बाई माझ्याकडं आली. "बुवा, आनंदराव म्हणत्यात पखं काप. कापू का नको? तुमी सांगाल तसं."

मी म्हटलं, "काप, बाई! शेजारधर्म आहे."

"पण त्यांचं कुत्रं भोकातनं आत येतंय. आलं की ह्या पत्र्यावर उडून बसत्यात. पखं छाटल्यावर?"

आता काय म्हणावं मी? 'आनंदराव, आधी भोक बुजवा' — एवढंच ना? पण पोटात त्यांची पुरणपोळी होती, मंडळी! मी म्हटलं, "देव बघेल."

एकाच बाजूची लांब पिसं छाटतात. रक्त नाही, दुखत नाही — फक्त उडताना तोल जातो. कात्री तिनं चालवली. कोंबड्या कुणी धरल्या? ह्या हातांनी! आत्ता ज्यांत चिपळ्या आहेत ना, ह्याच हातांनी!

दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रं आलं. त्याच भोकातनं! तिघींना तर उडताच आलं नाही, कोपऱ्यात सापडल्या. चौथी तांबडी — तिनं पत्र्याकडं उडी घेतली. एका पंखावर! गर्रकन फिरली आणि कुत्र्याच्या पुढ्यातच पडली.

आनंदराव म्हणाले, "मुकं जनावर ते, बुवा! त्याला काय कळतंय?"

बघा! कोंबडी पलीकडं गेली तर गुन्हा. कुत्रं अलीकडं आलं तर मुकं जनावर!

कोंडाबाई तांबडीला पदरात घेऊन आली. रडली नाही. भांडली नाही. म्हणाली, "बुवा, तुमच्या शब्दाला मान दिला."

बास! एवढंच. आणि मी काय केलं? खराड्यांचा नारळ घेतला, शाल घेतली, आणि गाडीत बसलो. शाल अजून आहे. अंगावर घेववत नाही.

आता का माना खाली? तुमच्या गावात भोकं नाहीत? भोक बुजवायचं तर मोठ्या माणसाच्या तोंडावर बोलावं लागतं. कात्रीला काय, गरिबाचं दार उघडंच असतं! उद्या कुणी कोंडाबाई न्याय मागायला आली, तर तोंड उघडण्याआधी एवढं आठवा — आपण जेवलोय कुणाच्या घरी?

आता विठ्ठलाचं नाव घ्या. पण जरा हळू. ती बाई अजून जिवंत आहे; माझं 'देव बघेल' ऐकलेल्या तिच्या कानांना हे ऐकू जाईल.