तीर्थाबरोबरची गोळी

मंडळी, एक सांगा! दया कुणाचा जीव घेऊ शकेल? घाईनं माना हलवू नका, आधी ऐका!

डोंगरावर देवी. दोनशे पायऱ्या. पायथ्याशी कोंडाबाई गुरवीण फुलं विकायची. कार्तिकातली काकडआरती, बोचरी थंडी, आणि म्हाताऱ्या पहिल्याच पायरीवर बसकण मारायच्या —

थंडीच्या गं पहाटे, गुडघा माझा रडे,
डोंगरीची माय म्हणे, ये गं लेकी, माझ्याकडे!

कोंडाबाईला बघवेना! पुतण्यानं शहरातून आणलेली दुखण्याची गोळी ती तळव्यावर ठेवायची, वर पळीभर तीर्थ. दर्शनाआधी खायचं नाही ना? मग उपाशीपोटीच! म्हाताऱ्या टणाटण वर — सुना मागे धापा टाकताहेत!

बारा वर्षं ही सेवा. आणि बारा वर्षं, मंडळी, दर हिवाळ्यात कुणीतरी रक्त ओकायचं! पावसाळ्यात? एकही नाही! लोक म्हणायचे, "आई कोपली." कोंडाबाई नारळ वाहायची... आणि आणखी गोळ्या मागवायची!

यंदा तिची थोरली जाऊ, अनसूयाबाई, कॉफीच्या चोथ्यासारखं काळं ओकली! कोंडाबाईनं जीप केली, तिला घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर हेर्लेकर म्हणाले, "जठरात व्रण आहे, वाहतोय. मी नवा होतो तेव्हा यात तरुण गडी यायचे. व्रण करणाऱ्या जंतूवर औषध निघालं, ते कमी झाले. आता येतात म्हाताऱ्या. तुमच्याच गावच्या — कार्तिक ते माघ! थंडीत सांधे दुखतात, दुखण्याच्या गोळ्या वाढतात, आणि उपाशीपोटी त्या जठर पोखरतात. आजी, काय घेता?"

"तीर्थ," अनसूयाबाई पुटपुटली. "दुसरं काही नाही."

अहो, खोटं बोलली! मरणाच्या दारात धाकट्या जावेला पाठीशी घातलं!

कोंडाबाईला मागच्या हिवाळ्यांत रक्त ओकलेल्या एकेक आठवल्या. सखूमावशी... भिवराताई... त्यांच्या तळव्यावर गोळी कुणी ठेवली? तिनं कनवटीची डबी काढली, टेबलावर उपडी केली.

"ही घेते ती. मी देते, डॉक्टर. साऱ्या गावाला देते!"

"गप गं, येडे!" जाऊ रडली.

"अक्का, मी एकीलाही कधी विचारलं नाही गं, पोटात काही आहे का म्हणून!"

अनसूयाबाई वाचली, मंडळी. सखूमावशी नव्हती वाचली.

आता कोंडाबाई फुलं देते, काठी देते. गुडघा धरून बसलेलीला म्हणते, "इथूनच हात जोड. आईला खालचंही दिसतं."

आणि तुम्ही? दुसऱ्या रांगेतल्या काकू, पदराच्या गाठीत काय आहे? शेजारणीनं दिलं? प्रेमानं?

सोडा ती गाठ. मी थांबतो — सोडा!