मागच्या फाटकापाशी सापडलेल्या गठ्ठ्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय ५३ वर्षे, व्यवसाय ब्लँकेटच्या गोदामात गठ्ठे बांधणे, राहणार कापडबाजाराच्या मागची गल्ली, दुसरा मजला, मूळ राहणार इथलाच, भाषा इथलीच, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी व मुलीसह राहतो. गोदामात सव्वीस वर्षे आहे. गठ्ठे बांधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात.

आपण काल ज्याला ताब्यात घेतले, तो नऊ वर्षे माझ्याच टेबलावर काम करतो. तो नदीपलीकडच्या मुलखातला, म्हणून त्याला सगळे 'पलीकडचा' म्हणतात. त्यांची भाषा म्हणजे आपलीच भाषा, तोंडात घास ठेवून बोललेली, असे गोदामात म्हणतात. त्याचे म्हणणे असे की भाषा वेगळी आहे, माणसेही वेगळी आहेत, कोणाची पोटशाखा नाहीत. दर वर्षी कामगारांचा फॉर्म भरताना तो भाषेच्या रकान्यात आपल्या भाषेचे नाव लिहितो. कारकून ते खोडून इथल्या भाषेचे नाव घालतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा लिहितो. यावर गोदाम पोट धरून हसते. मीही हसलो आहे.

त्यांच्याकडे गठ्ठ्याची गाठ वेगळी मारतात. इथे दोरी उजवीकडून घेऊन दोन्ही टोके वर सोडतात. ते डावीकडून घेतात आणि टोक गाठीच्या पोटात सारतात, ते बाहेरून दिसत नाही. गोदामात तिला चोरगाठ म्हणतात. मॅनेजरसाहेबांनी दोनदा झापले तरी त्याने ती सोडली नाही.

काल, बुधवारी, सकाळी साडेआठ वाजता वॉचमनकाकांना मागच्या फाटकापाशी पाण्याच्या टाकीमागे बारा ब्लँकेटांचा गठ्ठा सापडला. मंगळवारच्या गाडीत एक गठ्ठा कमी होता, तो हाच. सगळे जमले. मॅनेजरसाहेबांनी मला विचारले, "मास्तर, तुम्ही जाणते. ही गाठ कोणाची?"

मी म्हणालो, "पलीकडची."

ते खरे होते. मी तेवढेच बोललो.

मग त्याला विचारले. तो म्हणाला, "गाठ आमच्याकडची आहे, पण मी मारलेली नाही."

"मग तुमच्यातला इथं दुसरा कोण आहे?"

त्याने गठ्ठ्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. "दुसरा कोणी नाही," म्हणाला. त्यावर साहेबांनी आपल्याला फोन केला.

तो गठ्ठा मी बांधला होता.

मंगळवारी सव्वाअकरा वाजता माझ्या भाच्याचा मेसेज आला, आई गेली, फोन करा. म्हणजे माझी थोरली बहीण. ती नदीपलीकडे राहत असे. मीही तिथलाच आहे. मी आलो तेव्हा पलीकडच्यांना कोणी खोली देत नव्हते. इथलाच आहे म्हणून सांगितले आणि पुढे तेच ओढत नेले. लग्नातही तेच. पलीकडच्याला मुलगी देणार नाही, असे माझे सासरे चारचौघांत म्हणत. पत्नीला वाटते, मला मागेपुढे कोणी नाही. त्यामुळे बहीण गेल्याचे घरी सांगायची सोय नाही. अजून सांगितलेले नाही.

मेसेज वाचून मी हातातला गठ्ठा पुरा केला. गाठ कोणती पडली ते पाहिले नाही. ती मला बहिणीने शिकवली, मी सहा वर्षांचा असताना, सरपणाच्या मोळीवर. आमच्याकडे तिला नुसते गाठ म्हणतात. मग गठ्ठा हातगाडीवर टाकून मागच्या फाटकाकडे गेलो, कारण भाच्याशी आमच्या भाषेत बोलावे लागणार होते आणि तिथे ऐकायला कोणी नसते. हातगाडी बरोबर असली की माणूस कामाला निघालेला दिसतो. टाकीमागे गठ्ठा उतरवून त्यावर बसलो. चार मिनिटे बोललो. बरेच शब्द मला आठवेनात. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पाहुण्यासारखं बोलताय." डोके ठिकाणावर नव्हते. रिकामी हातगाडी घेऊन परत आलो. संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, डोळे का लाल झालेत?" ब्लँकेटची लव गेली, असे सांगितले.

हा गठ्ठा कोणाचा, हे त्याला कळले होते. नऊ वर्षांपूर्वी, त्याच्या पहिल्याच दिवशी, माझा हात डावीकडे वळून थबकलेला त्याने पाहिला होता. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून त्याने आमच्या भाषेत हळूच विचारले, "दादा, गाव कोणतं?" मी इथल्या भाषेत म्हणालो, "काय बडबडतोस, नीट बोल." त्याने पुन्हा कधी विचारले नाही आणि कोणाजवळ अवाक्षर काढले नाही. आज मी ठाण्यात आलो तेव्हा तो बाहेर बाकावर होता. मला पाहून त्याने मान फिरवली. रागाने नव्हे, मीही पलीकडचा हे कोणाला कळू नये म्हणून. याची मला फार लाज वाटते.

खात्रीसाठी हवालदारसाहेबांनी फायलीची दोरी दिली. मी त्यांच्यासमोर गाठ मारली. ती त्यांना सुटेना. मी आतले टोक ओढून एका हिसक्यात सोडवून दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, हे घरी कळणार. लिहू ना?" मी लिहा म्हणालो.

हा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. मात्र सुरुवातीला मूळ ठिकाण आणि भाषा मी सवयीने सांगून गेलो, ती दोन्ही खोटी आहेत. ती खोडून नदीपलीकडचा असे लिहावे. भाषेचे नाव काय लिहू, असे हवालदारसाहेब विचारतात. ते मी सव्वीस वर्षांत एकदाही कागदावर लिहिलेले नाही. बाकावरच्या माणसाला आत बोलवावे. तो दर वर्षी लिहितो, त्यालाच लिहू द्यावे. खोडल्या जागी सही मी करतो.