गुपितं सांभाळायचा परवाना

...आणि वर गल्लीतले लोक मलाच विचारतात, "लेम्युएल, नातू नौदलाच्या गोदीत लागला, खेकडे कधी खिलवतोस?" अरे, कसले खेकडे! तुम्हाला सांगतो, त्या पोराला खोटं बोलता येत नाही हो! मी कोण? शेरीफला त्याचीच होडी रंग मारून विकायला निघालेला माणूस! आणि माझा नातू, माझ्या मांडीवर वाढलेला, त्याला खोटं म्हणून बोलता येत नाही!

आता पाणबुडीत वेल्डिंग करायचं, तर म्हणे आधी सरकारी गुपितं सांभाळायचा परवाना हवा. त्यासाठी आल्या प्रुइटबाई, चौकशीवाल्या. सगळ्या गल्लीची दारं ठोठावून झाली, मग नातवाला, एमेटला, घेऊन बसल्या आमच्याच ओसरीवर. मी कुठं होतो? जाळीच्या दारामागं, चष्मा शोधत. तासभर? हो, तासभर! चष्मा नाकावर असला की लवकर सापडत नाही.

बाई म्हणतात, एकदम मऊ आवाजात, "कधी अमली पदार्थ घेतलेत?"

"हो बाई. कॉलेजात गांजा ओढायचो. मग सोडला."

अरे गाढवा! कोण बघायला आलं होतं? मी कपाळावर हात मारला, तोही आवाज न करता. पण बाई म्हणते कशी, "निकाल माझ्या हातात नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत. जुन्या गांजापेक्षा नवं खोटं जास्त नडतं." घ्या! म्हणजे मी आयुष्यभर नडतच होतो म्हणायचं!

मग हळूच विचारते, "आत्ता जवळचं कुणी घेतं?"

मी इकडं जाळीला नाक लावून मनात ओरडतोय, नाही म्हण, बाळा, नाही म्हण...

"माझे आजोबा."

सांगितलं ना, खोटं बोलता येत नाही हो त्याला!

आता क्रेनचा दोर तुटून माझी कंबर मोडली, तेव्हापासून संध्याकाळी गांजाचे दोन झुरके मारल्याशिवाय मला खुर्चीतून उठता येत नाही. आमचं राज्य म्हणतं, ओढा आजोबा, कुंडीत झाड लावा, पाणी घाला! वॉशिंग्टनचं मोठं सरकार म्हणतं, गुन्हा! एकाच ओसरीवर बसून मी अर्धा सज्जन आणि अर्धा चोर, आणि नेमकी कंबर चोराच्या बाजूला!

तर एमेटनं आपणहून सांगून टाकलं, "जिथं गांजा ओढतात तिथं मी पाय ठेवणार नाही." बाईनं मागितलंसुद्धा नव्हतं! परवाना मिळाला, आणि पोरगं सामान घेऊन गावात राहायला गेलं. जाताना डोळे पुसत होतं. मी म्हटलं, "रडतोस काय, हेही गुपितच समज!" हसलं नाही.

सोडून बघितला हो मी. बूट घालता येईनात, भिंत धरून रांगत होतो... परत पेटवला.

परवाच्या रविवारी आला. फाटकाबाहेरच उभा, हातात पीच भरलेल्या गोड पाईचं खोकं. "आजोबा, सोडलात का?"

खिडक्या उघड्या, वास नाही, जीभ तयार! एक 'हो' म्हटलं असतं तर पोरगं ओसरीवर, माझ्या शेजारी, पाई खात! पण काय होतं, त्या बाई पुन्हा कधीतरी येणार. पुन्हा विचारणार. आणि हा माझं 'हो' त्या सरळ तोंडानं त्यांना सांगणार, खरं समजून...

"नाही रे," मी म्हटलं.

त्यानं खोकं फाटकाच्या खांबावर ठेवलं, जरा वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि गेला.

उभ्या जन्मात एकदा खरं बोललो, तुम्हाला सांगतो, अजून छातीत दुखतंय. त्या पोराला हे रोज कसं जमतं हो?