पंचविसाव्या बाईंची पर्स

...आणि वर लोक म्हणतात, संशोधन म्हणजे काय मोठंसं, चार जणांना प्रश्न विचारायचे आणि लिहून काढायचं! अहो, आमच्या मेहुणीला विचारा! नको, तिला नका विचारू, ती सांगायची नाही. लोक महागड्या वस्तू का घेतात, यावर ती तीन वर्षं पीएचडी करतेय, आणि तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी चष्मा कपाळावर चढवून नाकातून बजावलं होतं, "मुलाखत कुणाची घेतली, हे घरातल्या मांजरालासुद्धा कळता कामा नये. गुप्तता म्हणजे गुप्तता!" म्हणून तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, फक्त बहिणीला, बहिणीनं कुणालाच नाही, फक्त मला, आणि मी तरी कुणाला सांगतोय? फक्त तुम्हाला!

तर पंचवीस मुलाखती हव्या होत्या. चोवीस झाल्या, पंचविसावी मिळेना! ज्यांच्याकडे वस्तू आहेत ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांच्याकडे वस्तू नाहीत... सोमवारी काम दाखवायचं, नाहीतर शिष्यवृत्ती बंद! शेवटी शुक्रवारी एक बाई कशाबशा तयार झाल्या. अट एकच, "सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या की या, आणि तासाभरात आटपा."

अकरावा मजला. बाईंनी पडदा ओढला, कपाटातली पांघरुणं उपसली आणि मागून एकेक काढल्या... नऊ पर्सा! प्रत्येक मऊ कापडात, तान्हं बाळ गुंडाळावं तशी. एकीलाही बाहेरचं ऊन लागलेलं नाही! आणि किंमत? मेहुणीची तीन वर्षांची शिष्यवृत्ती एकेकीत आरामात मावली असती, वर चेनही लागली असती!

मेहुणीनं रेकॉर्डर लावला. "का घेतल्यात?"

बाई एका पर्सचं कापड सारखं करत म्हणाल्या, "दुकानातली मुलगी म्हणते, बसा ना मॅडम. पाणी आणून देते. या घरात सोळा वर्षांत मला बसा कोण म्हणालंय?"

मेहुणी लिहायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात... खट्ट! लॅच उघडल्याचा आवाज!

तुम्हाला सांगतो, बाईंचा चेहरा पांढराफटक! आठ पर्सा कपाटात कशा कोंबल्या, पांघरुणं वर कशी टाकली, त्यांचं त्यांना ठाऊक, पण नववी राहिली की पलंगावर! आणि दारात सासूबाई. अर्धा गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, पण नजर? नजर शाबूत! "ही कोन? आनि ही पर्श कुनाची?"

बाई मेहुणीकडे बघतायत, हात जोडायचे तेवढे बाकी. मेहुणीच्या कानात सर गरजले, गुप्तता म्हणजे गुप्तता! आणि तोंडातून निघून गेलं, "माझी."

"केवढ्याला घेतलीश?"

आता काय सांगायचं? खरी किंमत सांगावी, तर पायात अंगठा तुटलेली चप्पल! "तीनशेला... रस्त्यावर."

चुकलं हो! तिथंच चुकलं! सासूबाईंनी पर्स उचलली, उलटीपालटी केली, शिवण नखानं ओढून बघितली. "मजबूत दिशते. मला दे. अडीचशे देते."

"नको आजी, मला... फार आवडते ती."

"तीनशेच्या वश्तूवर एवढा जीव? बरं, घे तीनशे!"

"पण माझं सामान आहे आत..."

सासूबाईंनी चेन ओढली. आत दुकानातले कागदाचे बोळे! "शामान? हे?" नजर पर्सवरून मेहुणीवर, मेहुणीवरून सुनेवर, सुनेवरून कपाटावर... आणि कपाटाचं दार, पांघरुणाचं टोक अडकून, चांगलं चार बोटं उघडं! सासूबाईंनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मेहुणी सांगते, स्वतःच्या छातीचे ठोके रेकॉर्डरमध्ये जातायत असं वाटलं! आणि मग सूनबाईच बोलल्या, कोरड्या आवाजात, "द्या हो त्यांना. तुम्हाला दुसरी मिळेल."

तीनशे मुठीत धरून मेहुणी अकरा मजले जिन्यानं उतरली. लिफ्टची वाट बघायचं धाडस कुणाला? पैसे दुसऱ्याच दिवशी बाईंना गुपचूप पोचवले, पण पर्स? पर्स निघाली भाजीला! पोटात कांदे-बटाटे, वर ओला पालक, बाजूच्या कप्प्यात दाताच्या गोळ्या! मेहुणीनं एका वाक्यात खरं सांगितलं असतं तर? पण कसं सांगणार, गुप्तता म्हणजे गुप्तता! रविवारी बाईंचा फोन. रडतायत की हसतायत, कळेना. "काल सासूबाईंनी शेजारची जागा थोपटली. म्हणाल्या, बस इथं, स्वस्तात वस्तू कशी घ्यावी ते शिकवते तुला. बस म्हणाल्या हो!"

सोमवारी सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. चष्मा कपाळावरून पार डोक्यावर! "वस्तू ग्राहकाची, आणि ती तुम्ही विकलीत? तिच्याच सासूला? ही मुलाखत बाद! अशी वस्तू जवळ असलेली आणि ती रोज वापरणारी बाई गाठा. बुधवारपर्यंत!"

रोज वापरणारी! अख्ख्या शहरात तिला अशी एकच बाई माहीत होती. गेली बिचारी पुन्हा अकराव्या मजल्यावर. गालाची सूज उतरली होती, पालक निवडणं चाललं होतं. हिनं रेकॉर्डर लावला, घसा खाकरला. "आजी, ही पर्स का घेतलीत?"

"का म्हणजे? स्वस्त मिळाली म्हणून!"

तस्संच लिहिलं तिनं, शब्दाला शब्द, आणि नेऊन दिलं. काल कागद परत आले. समासात लाल शाईनं सरांचा शेरा, "या बाई महागड्या वस्तूंच्या ग्राहक वाटत नाहीत. दुसऱ्या शोधा."

शोधतेय... करते काय!