आवळीखाली चौघींच्या हाका

माहा जलम आंबागडचा आन सासरबी आंबागडचंच. चार घरं सोडून देल्ली मले बापानं, म्हणून गावानं मले कधी सून म्हटलंच नाही, म्हातारी झाली तरी कौसीच. धानाची बांधी, तलावाचं पाणी आन मांगं किल्ल्याचा पहाड, एवढ्यातच सारा जलम गेला पाहा. त्या पहाडाचं भेव मले कधी वाटलं नाही, आन आता काय सांगू तुमाले, त्याच्याकडची खिडकीबी मी उघडत नाही.

पोरी होतो तवा कार्तिकात आवळीच्या जेवणाले आमी पहाडावरच जात होतो. गावात आवळीचं झाड नोहतं काय, होतं, पर तेथी मोठ्या बायका बसत, मोठ्यानं हासाची सोय नाही. म्हणून मी, शांता, वच्छी आन इंदू, चौघीजणी वर. पितळी गंजात भात, वांग्याची भाजी, वडे, पळसाच्या पत्रावळी. झाडोरा एवढा का पुढची मांगचीले दिसत नोहती, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक माराची, जिचं नाव घेतलं तिनं ओ द्याची. शांता मुद्दाम ओ देत नोहती. आमी रडकुंडीले आलो का झुडपातून खिदळे, अशी वाईट होती ते! वर गेलो का आवळीच्या बुडाशी पहिला घास ठेवाचा, मंग पोटभर जेवाचं. हासून हासून ठसका लागे बाप्पा.

मंग लग्नं झाली. वच्छी मोहाडीले गेली, इंदू एकोडीले. मी आन शांता तेवढ्या गावात राहिलो, दरसाल जात राहिलो, संग माहा कुत्रा शेरू. औंदा उन्हाळ्यात शांता मेली. कार्तिक आला त पोरगा म्हणे, मा, पहाडावर बिबट हाये, लोकाईच्या बकऱ्या नेल्या त्यानं, जाऊ नोको. म्या म्हटलं, शेरू हाये न संग. इथंच चुकली मी. आमाले वाटते कुत्रा संग असला का भेव नाही, पर बिबट्याले कुत्र्यासारखं गोड काहीच लागत नाही, हे मालूम असूनबी मले सुचलं नाही.

भर दुपार होती. आवळीखाली झाडलं, घास ठेवला, जेवाले बसली. शेरूले वडा टाकला, त्यानं तोंडच लावलं नाही. वड्यासाठी जीव देते ते कुत्रं! शेपूट पोटाखाली, आंगावरचे केस उभे, मह्या लुगड्यात घुसून किल्ल्याच्या पडक्या भिंतीकडं पाहून राहिला. मीबी पाह्यलं. आधी काहीच दिसलं नाही. मंग गवतात कान हालला. अवो माय! हातातला घास हातातच. पळाव त पळणाऱ्याच्या मांगंच बिबट येते, हे लहानपणापासून आयकलेलं. शेरूले सोडून देल्लं त मी वाचीन, आलं मनात, खोटं काहून बोलू. पर मह्या पायाले त्याचं आंग असं थरथरून राहिलं होतं का माह्यानं सोडवलं नाही. पदर त्याच्या गळ्याले बांधला.

आन तोंडातून निंगालं, वच्छे! मीच म्हटलं, ओ! इंदे! ओ! एकदा बारीक आवाज, एकदा जाडा, जशी वर गर्दीच हाये बायांची. एक एक पाऊल मांगं घेतलं, तोंड भिंतीकडंच, शेरूले वढत वढत. शांते! म्हटलं आन ओ निंगेना. मेलेल्या बाईची ओ कशी देऊ? तेवढ्यात ते गवतातून उठलं, पुरं उभं राहिलं. मंग म्या देल्ली, रडत रडत देल्ली, ओ, ओ, ओ, सारा पहाड घुमला. ते तेथीच उभं राहिलं, पुढं नाही आलं. खाली उतरली त ढोरं चारणारा ढोरकी भेटला, तो म्हणे, कोण कोण गेल्त्या वो मावशी वर? मी तेथीच मातीत बसली.

गावातले म्हणतात म्हातारी हिमतीची. कायची हिंमत! शेरू आंगणाबाहेर पाय टाकत नाही आन मी तलावावर एकटी जात नाही. सून म्हणते, पुढच्या कार्तिकात आंगणातच आवळीची फांदी रोवू. रोव माय, मले चालते.

तुमी निंगा आता, उजेड हाये तवर. रस्ता जंगलाचा, गाडीवर तुमी एकटेच. जोरजोरानं कोणाचं तरी नाव घेत जा. कोणी नाहीच आठवलं त माहं घ्या. मी इथून ओ देईन.