शनिवारी न शिवायचा पेन

"सकाळधरनं बसलेय. डोळं दाखवाय आलेय का हितली भिंत बघाय?" प्रयागबाई कुरकुरल्या.

बारामतीच्या दवाखान्यात सून राजलक्ष्मी त्यांच्या शेजारीच बसली होती. पलीकडं त्यांच्याच सांगवी गावची मेघना. चतुराबाईची लेक, इस्रायलला एका म्हाताऱ्याची सेवा करून परवाच परतलेली. प्रयागबाईंनी तिच्याकडं मोर्चा वळवला.

"मेघे, तुजा म्हातारा कसा व्हता गं?"

"लई मायाळू, काकू. ज्यू धर्माचे. पण शनिवारी पेन, काडेपेटी, फोन, कशालाच शिवायचे न्हाईत. पेन पायाशी पडला तरी तसाच."

"का? इटाळ व्हतो व्हय पेनाचा?"

"इटाळ कसला? त्यो दिवस कामाचा न्हाय, म्हणून कामाच्या वस्तूला हात न्हाय. सांजच्याला चांदण्या दिसल्या की तोच पेन उचलून लेकीला पत्र लिहायचे."

"म्हंजी एकाच दिवसापुरतं?"

"एकाच."

प्रयागबाईंनी मेघनाच्या हातांकडं पाहिलं. सासूचं बोलणं कुठं निघालंय ते राजलक्ष्मीनं ओळखलं.

"आत्याबाई, आपला नंबर आला वाटतं," ती घाईनं म्हणाली.

"बस खाली. न्हाय आला." प्रयागबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मेघनाकडं न बघताच त्या बोलल्या, "तुजी आय पंधरा वर्सं आमच्या उसात खुरपायला आली, पोरी. येकदा बी तिच्या हातात भाकरी दिली न्हाय मी. आठवड्याचं सातीबी वार बांधावर ठिवायची, मागं सरायची, मग ती उचलायची."