मिस ऑटिलीच्या घराखालची ओल

नाही, तुम्हीच सांगा, हमी कशाची द्यायची माणसानं? घर खालून कोरडं करून देतो, एवढीच ना? का आत राहणाऱ्या बाईच्या मनाचीसुद्धा द्यायची? तुम्हाला सांगतो, अर्धं आयुष्य गेलं माझं लोकांच्या घराखाली पोटावर सरपटण्यात, शर्टाला बटण म्हणून टिकत नाही माझ्या, पण मिस ऑटिलीसारखं काम... वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये हो!

आता आमची ही नदीकाठची घरं म्हणजे विटांच्या खांबांवर उकिडवी बसलेली. खाली दोन-अडीच हातांची पोकळी, रांगत जायचं. तिथं ओल धरते, तुळयांना बुरशी चढते, मग वरची बाई म्हणते, "घराला कसलातरी वास येतोय." नवरा म्हणतो, "मला नाही येत." बाई म्हणते, "तुला कधी काय आलंय?" झालं! भांडण त्यांचं, आणि कोळ्यांच्या जाळ्यांतून खाली कोण जाणार? हर्शेल! आणि गंमत बघा, मी खाली शिरलो ना, की पाच मिनिटांत विसरतात मला. अहो, फळीखाली माणूस आहे! सगळं ऐकू येतं त्याला! पाद्रीबाबांच्या बायकोबद्दल कोण काय बोललं, डॉक्टरनं बंद केलेला केक कुणी हळूच कापला... सगळं! पण नाही. वरच्यांना वाटतं, खाली कुणी नाही.

तर मिस ऑटिली. शाळेची बस चालवायचा ना क्लेमंट, त्याची विधवा. क्लेमंटनं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, मागं पालेभाजीचा वाफा, आणि बाई एकटी. मला बोलावलं तिच्या मुलानं, प्रेस्टननं. तो असतो तिकडं रॅले शहरात, मोठ्या नोकरीत, पण पोरगा सोन्यासारखा हं! "मिस्टर हर्शेल, मम्मा फार खोकते हो. खालून सगळं नीट करा, मला रात्री झोप लागत नाही." मी म्हटलं, काळजी सोडा! घर उबदार राहावं म्हणून फळ्यांखाली ठासलेला, आता कुजलेला कापूस ओढून काढला, तुळया घासल्या, कडेपर्यंत जाड प्लास्टिक अंथरलं, खालच्या भिंतीतले हवेचे झरोके झाकणं लावून बंद केले, ओल शोषणारं यंत्र बसवलं. असं काम, की मी स्वतः गादी टाकून झोपलो असतो तिथं! वर आलो, तर मिस ऑटिलीनं तळलेली भेंडी आणि मक्याची भाकरी पुढ्यात ठेवली, पण तोंड हे एवढं लांब.

"झालं?"

"झालं, मिस ऑटिली! आता शंभर वर्षं बघायला नको!"

"शंभर..." म्हणाली, आणि खुर्चीत बसूनच गेली. मला वाटलं, आनंद झाला.

आनंद! काही आठवड्यांत प्रेस्टनचा फोन, पुन्हा ओल. मी म्हटलं, शक्य नाही. जाऊन बघतो तर ये रे माझ्या मागल्या! प्लास्टिकवर तळं! पुन्हा उपसलं, पुन्हा पुसलं, नळ तपासले, पन्हाळ तपासली, नदीला शिव्या दिल्या. पुन्हा ओल! अहो, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. न्हाव्याकडं जावं तर तो वस्तरा गळ्याशी धरून म्हणतो, "काय हर्शेल, ऐकतोय ते खरं का?" आणि आमची नॅडीन! जन्माची बायको! "प्लास्टिक उलटं तर नाही ना अंथरलंस?" उलटं! प्लास्टिकला उलटं-सुलटं असतं का?

मग पुन्हा गेलो. त्या दिवशी प्रेस्टन आलेला होता आईकडं. मी आपला अगदी मागच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या खाली उताणा पडून तुळई चाचपतोय, आणि वर सुरू...

"मम्मा, एवढी ओल गेली ना, की घराला गिऱ्हाईक तयार आहे. तू यायचंस आमच्याकडं. खोली रंगवून ठेवलीय तुझी, पिवळी, तुला आवडते तशी."

"हं."

"तिथं तुला कशाला म्हणून हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

"हं."

बघा, माझी गाडी दारात उभी, त्यावर माझं नाव हे एवढ्या अक्षरांत! पण वरच्यांना वाटतं, खाली कुणी नाही.

प्रेस्टनची मोटार गेली. मागचं दार करकरलं. सपाता... फटक, फटक, फटक... माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या. झरोक्याचं झाकण निघालं, ऊन आत आलं, आणि उन्हामागून हिरवा पाइप. वाफ्याला पाणी घालतात ना, तो! मला काही कळायच्या आत गार पाण्याची धार थेट मानेत! असा ओरडलो, असा उठलो, की डोकं तुळईवर फाडकन!

"कोण आहे रे मेल्या तिथं?"

"मी हर्शेल! आधी पाणी बंद करा!"

पाणी थांबलं. मग म्हातारी कण्हत कण्हत झरोक्याशी खाली बसली. मला तिचा नुसता चष्मा दिसत होता. मी म्हटलं, मिस ऑटिली, हे काय हो! माझं नाव मातीत घातलंत! तुमच्या छातीत बुरशी जाईल! तिनं पाइप बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्यांच्याकडं गेले ना मी, की सून हातातली बशी काढून घेते. 'मम्मा, तुम्ही बसा.' बसते. मग 'मम्मा, तुम्ही आता पडा.' पडते. गुणाची आहे रे पोर, वाईट नाही. पण मी काय करू तिथं दिवसभर? इथं मला भाजी खुडायची असते, क्लेमंटला शिव्या घालायच्या असतात. बाळा, ओल आहे तोवर हे घर कुणी घेणार नाही. प्रेस्टनला सांग, जमत नाही म्हणून."

हे मला सांगायला लावते! ज्यानं जन्मात कधी 'जमत नाही' म्हटलं नाही, त्याला! पण तुम्ही असता तर काय केलं असतं? मानेवरून पाणी ओघळतंय, आणि चष्म्याच्या मागं दोन डोळे... ते पण ओघळतायत. लावला फोन. म्हटलं, प्रेस्टन, हे घर कोरडं होणार नाही. माझ्या हाताबाहेर आहे.

पलीकडून आवाज आला, घोगरा. "म्हणजे इतके दिवस माझी आई त्या बुरशीत श्वास घेतेय?"

घ्या! करायला गेलो एक आणि झालं भलतंच! रविवारी चर्च सुटलं, आणि प्रेस्टन तस्सा तिच्या दारात हजर, सोबत रिकामी खोकी. "घर कुजू दे, पडू दे, मला आई पाहिजे." रडत होता हो, एवढा मोठा माणूस, तिच्या चहाच्या कपांना वर्तमानपत्र गुंडाळता गुंडाळता. मी धावत गेलो. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर मोटारीत बसलेल्या म्हातारीनं काच खाली केली, मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "गप्प बस. मी त्याच्याकडं यायला नको म्हणून पाणी ओतत होते, हे कळलं तर मरेल रे तो." आणि गेली. ऊन असताना स्वेटर घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून गेली.

संपलं असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं. परवा प्रेस्टनचा फोन! "मिस्टर हर्शेल, तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस नाही. आमच्या घराखालीही एकदा बघून जा, मम्माला पुन्हा त्रास नको." खरं बोलणारा! मी! गेलो. शिरलो खाली. वर सुनेचा आवाज, "मम्मा, तुम्ही कशाला उठलात? बसा ना." खुर्ची करकरली. मग थोड्या वेळानं, सून आत गेली असणार, फळीवर काठी वाजली. ठक ठक.

"हर्शेल? आहेस का रे खाली?"

बघा, इतक्या वर्षांत ही एकच बाई, जिच्या खाली माणूस आहे हे लक्षात राहिलं.

"आहे, मिस ऑटिली."

"ओल आहे का रे?"

हात फिरवला. तुळया कोरड्या, प्लास्टिक ताठ, कुणीतरी जीव लावून केलेलं काम. "नाही, मिस ऑटिली. थेंब नाही."

"कोपऱ्यात बघितलंस?"

"बघितलं."

"नीट बघ ना, बाळा."

पुन्हा बघितलं हो. चारी कोपरे रांगून बघितले, ओल सापडावी, तिला इथूनही निघायला निमित्त मिळावं म्हणून! जन्मात पहिल्यांदा! नाही म्हणून सांगितलं. वर काठी खुर्चीला टेकल्याचा आवाज झाला. मग "बरं," म्हणाली.

मी आपला तसाच पडून राहिलो उताणा, आणि डोळ्यांतून कानात पाणी... ते मानेवरून खाली प्लास्टिकवर. त्या अख्ख्या घराखाली तेवढीच काय ती ओल. निघताना ती पण पुसून आलो. काय करता, धंदाच आहे आपला!